घुंगरू ऐकलेत ना

बाबा, गेल्या आठवड्यात तुमचे स्पीकर मी माळ्यावरून खाली काढले. तुम्ही गेल्यापासून ते दोन जुन्या चादरींत गुंडाळून तिथे पडून होते, आणि माझ्यापुरतं बोलायचं तर आणखी पडून राहिले असते तरी चाललं असतं. पण तुमच्या ऑफिसातले काका, तुमच्या हाताखाली ज्युनियर इंजिनियर होते ते, आता स्वतः रिटायर होऊन अमरावतीला चालले आहेत. त्यांनी आईला फोन करून विचारलं, वहिनी, साहेबांचे ते स्पीकर मला द्याल का, आठवण म्हणून. आई लगेच हो म्हणाली. आई लगेच हो म्हणते हे तुम्हाला सांगायला नको. मग मला म्हणाली, नुसतेच कसे द्यायचे, लावून बघ चालतात का. नेण्याआधी त्यांना इथे बसून एकदा ऐकायचंय, आणि तू तर याच लाइनमधली.

मी याच लाइनमधली आहे हे खरं. दिल्लीतल्या द्वारकेहून रोज मेट्रोने नोएडाला जाते आणि एका कंपनीच्या लॅबमध्ये स्पीकर मोजते. फोनमधले, टीव्हीतले, गाड्यांमधले. भिंतींना फोमचे सुळके लावलेली एक खोली आहे, तिच्यात मायक्रोफोन ठेवायचा, यंत्रातून आवाज सोडायचा, आणि पडद्यावर रेघ उमटते. रेघ जिथे खाली कोसळते तिथे आवाज नाही. कुणाला काय वाटतं हे विचारावं लागत नाही. कधीकधी मार्केटिंगची माणसं येतात, सोफ्यावर रेलून डोळे मिटतात आणि म्हणतात, हां, अब थोड़ा वार्म लग रहा है. मी तेव्हा पडद्याकडे बघत राहते, कारण त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघितलं की मला आर. के. पुरमच्या आपल्या पुढच्या खोलीतले कांदेपोहे आठवतात. ही अतिशयोक्ती नाही. मी अजूनही पोहे खात नाही.

ती खोली तुमची होती. तीन माणसांचं सरकारी क्वार्टर, त्यातली एकच बऱ्यापैकी खोली, आणि तिच्यात टीव्हीच्या दोन्ही बाजूंना माझ्या खांद्याइतके उंच असे दोन स्पीकर, मधे आवाज मोठा करून दोघांना देणारा डबा, रिसीव्हर, समोर वेताची एक खुर्ची. तिचे चारही पाय कुठे टेकायचे त्या जागी तुम्ही फरशीवर काळी चिकटपट्टी लावली होती. झाडताना आईने खुर्ची हलवली की संध्याकाळी तुम्ही ती परत पट्टीवर आणून ठेवायचात, आणि ठेवताना असा सुस्कारा टाकायचात की जणू कुणी देव्हाऱ्यातल्या मूर्ती इकडच्या तिकडे केल्या आहेत. माझा अभ्यास आतल्या खोलीत, आईच्या इस्त्रीच्या टेबलावर. रविवारी मात्र मला पुढे बोलावलं जायचं, कारण रविवारी माणसं यायची, आणि माणसं आली की त्यांना फरक ऐकवायचा असायचा.

फरक म्हणजे तुमचं बाय-ॲम्पिंग. बहुतेक स्पीकरला मागे वायर जोडायच्या दोन जागा असतात, तुमच्याला चार होत्या. वरच्या दोन छोट्या ट्वीटरसाठी, जो बारीक, उंच आवाज काढतो, आणि खालच्या दोन मोठ्या पडद्यासाठी, जो जाड, खालचा आवाज काढतो. वरच्या आणि खालच्या जागा जोडणाऱ्या पितळी पट्ट्या असतात, त्या तशाच ठेवल्या की एकाच वायरीवर दोघांचं भागतं. तुम्ही त्या पट्ट्या काढल्यात, डबीत घालून कपाटात ठेवल्यात, आणि दुसरी वायर ओढलीत. रिसीव्हरमध्ये खोलीच्या मागच्या बाजूच्या स्पीकरसाठी दोन चॅनल, आवाजाच्या दोन वेगळ्या वाटा, असतात. आपल्या खोलीच्या मागच्या बाजूला दिवाण आणि त्यावर गाद्यांची चळत, तिथे स्पीकर कुठून येणार. म्हणून ते रिकामे चॅनल मेनूत जाऊन ट्वीटरना द्यायचे. फुकट पडलेली ताकद कामाला लावली, असं तुम्ही प्रत्येकाला सांगायचात, आणि ते सांगताना तुमच्या चेहऱ्यावर स्टोअरमधलं जुनं सामान नव्या कामात खपवलेल्या इंजिनियरचं समाधान असायचं.

आता मला जे ठाऊक आहे ते तुम्हाला तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं, आणि असतं तरी तुम्ही सांगू दिलं नसतंत. एकाच डब्यातले सगळे चॅनल एकाच ट्रान्सफॉर्मरवर चालतात. चॅनल वाढवले म्हणून डब्याची ताकद वाढत नाही. आवाज वाटून देणारी स्पीकरच्या पोटातली जाळी जिथल्या तिथे असते. मी गेल्या आठवड्यात दोन्ही प्रकारे जोडून मोजलं. दोन रेघा एकमेकींवर बसल्या, इतक्या नेमक्या की खालची दिसेना. पण तेव्हा तुम्ही पहिल्यांदा सगळ्यांना खुर्चीत बसवलंत, आधी असं, मग तसं, आणि विचारलंत, तेव्हा काका म्हणाले, साहेब, पडदा बाजूला केल्यासारखं वाटलं. काकू म्हणाल्या, मला यातलं काही कळत नाही पण मलासुद्धा कळलं. खालच्या मजल्यावरचे पंजाबी अंकल चुटक्या वाजवत म्हणाले, भाईसाहब, मक्खन. मी तेरा वर्षांची होते, मला विचारलंत, मी म्हटलं, सारखंच वाटतंय. तुम्ही हसलात. अजून कान कच्चे आहेत, म्हणालात. सगळे हसले. त्या दिवशीचं मी विसरले असते.

तुमची ती सीडी आठवत असेल. सारंगी आणि तबला, आणि मधे एका ठिकाणी, तबला थांबल्यावर, कुणीतरी पायांत घुंगरू बांधून उजवीकडून डावीकडे चालत जातं. तेवढंच. पण ते येण्याच्या आधी तुमचं तर्जनीचं बोट वर जायचं, खोलीतलं चघळणंसुद्धा थांबायचं, आणि घुंगरू चालत जायचे तसं तुमचं बोट हवेतून त्यांच्या बरोबर चालायचं. पलीकडे पोचलं की तुम्ही सगळ्यांकडे बघून विचारायचात, घुंगरू ऐकलेत ना? मला ते आवडायचं. हेही लिहून ठेवते, नाहीतर पुढचं सगळं एकतर्फी वाटेल.

त्या मे महिन्यात आपण साताऱ्याला गेलो, आजोबांच्या आजारपणामुळे महिनाभर राहिलो. घर बंद करताना तुमचा नियम असायचा: गॅस, नळ, आणि शेवटी मेन स्विच. इतरांच्या घरी नुसते पंखे-दिवे बंद करून कुलूप लावत. तुम्ही विजेच्या खात्यातले, तुम्ही स्टुलावर चढून मेन खाली ओढायचात आणि खाली उतरून हात झटकायचात. जूनमध्ये परत आलो. पहिल्याच रविवारी तुम्ही माणसं बोलावलीत. आईने पोहे केले. मी पाण्याचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे आणि सारंगी सुरू होते, आणि मला वाटतं, स्पीकरवरची धूळ झटकायची राहिली का. सारंगी गोधडीखालून येतेय. तबल्याची कडेवरची कडक चाट नाही, नुसता घुमारा. तुम्ही खुर्चीमागे उभे आहात, मान किंचित कलती, आणि म्हणता, महिनाभर विश्रांती मिळाल्यावर आवाज कसा मुरलाय बघा, लोणच्यासारखा. काका मान डोलवतात. साहेब, एकदम घरगुती वाटतोय. अंकल म्हणतात, सॉफ्ट हो गया है, बिल्कुल सॉफ्ट, कान को लगता ही नहीं. काकू तोंडात घास ठेवून डोळे मिटतात. काकांच्या खालच्या ओठाला पोह्याचा पिवळा दाणा चिकटलेला आहे आणि मान डोलवताना तो हलतो.

मग तबला थांबतो. तुमचं बोट वर जातं, आणि उजवीकडून डावीकडे, पूर्ण शांततेतून, सावकाश चालत जातं. खोलीत पंख्याचा आवाज आहे, रस्त्यावर बसचा हॉर्न आहे. घुंगरू नाहीत. तुमचं बोट डाव्या स्पीकरपाशी पोचतं, तुम्ही वळता.

"घुंगरू ऐकलेत ना?"

हो साहेब. अगदी स्पष्ट. क्या बात है.

बाबा, मी मुद्दाम तुमची फजिती करायला बोलले नाही. मला वाटलं सीडी खराब झाली आहे आणि तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून लवकर सांगितलेलं बरं. मी म्हटलं, बाबा, घुंगरू वाजलेच नाहीत. तुम्ही परत लावलंत. मला खुर्चीत बसवलंत, मागून मानेवर हात ठेवलात, तो ओलसर होता, आणि बोट माझ्या डोळ्यांसमोरून नेलंत. आता? नाही. परत. आता? माझ्यासमोर तीन मोठी माणसं बशा मांडीवर घेऊन बसली होती आणि एकही माणूस माझ्याकडे बघत नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, हो म्हण ना गं, हो म्हणायला काय जातं तुझं. ती कुजबुजली नव्हती. तुम्ही माझ्या मागेच होतात, आणि तुम्ही तिच्याकडे वळून बघितलंसुद्धा नाहीत. हे माझ्या लक्षात यायला पुढे बरीच वर्षं गेली. मी तिसऱ्यांदा नाही म्हटलं.

"कान फुटलेत का तुझे? एवढी माणसं ऐकतायत आणि हिला तेवढं ऐकू येत नाही."

काकांनी ओठावरचा दाणा जिभेने आत घेतला आणि बशीत बघू लागले. जे घडलं ते एवढंच. कुणी कुणाला मारलं नाही. पण मोठ्या माणसांबद्दल मला जी शिसारी बसली ती त्या जिभेपासून, आणि ती नंतर गेली नाही. जेव्हा फरक नव्हता तेव्हा त्यांना तो ऐकू आला होता. जेव्हा अर्धा आवाज गायब होता तेव्हा त्यांना काहीच कमी वाटत नव्हतं. आणि मी, बाबा, मी रात्री उशीला कान लावून घड्याळ ऐकायचे, वर्गात मागच्या बाकावर बसून मॅडमचे शब्द येतात का बघायचे, कारण मला खरंच वाटलं की माझ्यातच काहीतरी बिघडलंय. इतकी माणसं खोटं का बोलतील.

मग तुम्ही मला रजा घेऊन सरकारी रुग्णालयात नेलंत. रजा तुम्ही सहसा घेत नव्हतात. काचेची छोटी खोली, कानांवर जड हेडफोन, हातात बटण; आवाज आला की दाबायचं. मला सगळे आवाज येत होते, शेवटचे तर इतके बारीक की ते आपल्याच डोक्यात वाजतायत का असं वाटावं. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई तुमच्याशी बोलत होत्या आणि तुम्ही त्यांना परत परत विचारत होतात, काय म्हणालात? त्यांनी माझ्याकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं, आणि आवाज चढवून म्हणाल्या, बच्ची के कान बहुत अच्छे हैं. आप भी बैठ जाइए न, आए हैं तो. तुम्ही म्हणालात, मैं तो इसके लिए आया था, मुझे ऑफ़िस जाना है. ऑफिसला तुमची रजा होती. मी बाजूलाच उभी होते. स्कूटरवरून घरी आल्यावर तुम्ही आईला सांगितलंत, सगळं ठीक आहे, लक्ष नसतं तिचं.

त्यानंतरच्या वाढदिवसाला तुम्ही मला मल्टिमीटर दिलात. मुलींना घड्याळ देतात, फ्रॉक देतात. पिवळ्या रबरी कव्हरातला मल्टिमीटर, आणि देताना म्हणालात, ऐकून काय सांगतेस, मोजून सांग. मला तेव्हा ते बक्षीस वाटलं होतं. हॉस्टेलवर गेल्यावर कधीतरी कळलं की ती ताकीद होती: माझ्याशी बोलायचं असेल तर तुझ्या कानांच्या भरवशावर बोलू नकोस. मी तेच केलं. आजवर तेच करते आहे. चांगला पगार मिळतो.

तर गेल्या आठवड्यात मी ते सगळं घरी बाहेरच्या खोलीत मांडलं. तुम्ही प्रत्येक वायरीला पांढरी पट्टी गुंडाळून वर-खाली, डावा-उजवा लिहून ठेवलं होतं, त्यामुळे विचार करावा लागला नाही. जशा होत्या तशा जोडल्या, रिसीव्हर सुरू केला, सीडी घातली, आणि गोधडीखालची सारंगी सुरू झाली. मी जागच्या जागी उभी राहिले. तोच आवाज. तबला थांबला, शांतता उजवीकडून डावीकडे गेली, तबला सुरू झाला. मी स्पीकरला कान लावला, ट्वीटर गप्प. मेनू उघडला. मागचे चॅनल मागच्या स्पीकरकडेच होते, ट्वीटरना दिलेलेच नव्हते. तुमच्या पिढीतले हे रिसीव्हर सेटिंग आठवणीत ठेवतात, पण वीज पूर्ण तोडली तर काही दिवसच. मग विसरतात, कारखान्यातून आले होते तसे होतात. माळ्यावर पडून पडून तो विसरला होता. आणि त्या जूनमध्येही विसरला असणार, कारण तुम्ही स्टुलावर चढून मेन ओढला होता आणि आपण महिनाभर साताऱ्याला होतो. याचा माझ्याकडे पुरावा नाही. पण दुसरं काही यात बसत नाही.

म्हणजे पट्ट्या काढलेल्या, वरची वायर मेलेली, आणि ट्वीटरकडे काहीच जात नव्हतं. पट्ट्या जागेवर असत्या, तुमचं बाय-ॲम्पिंग नसतं, तर काही बिघडलं नसतं. सगळ्यांच्या घरी असतो तसा आवाज आला असता. आणि तुम्हाला कळलं नाही, कारण ट्वीटर जे बोलतो ते तुम्हाला आधीपासूनच ऐकू येत नव्हतं. नोकरीची सुरुवातीची वर्षं डिझेल जनरेटरच्या खोल्यांत. कानात कापूस घालणाऱ्यांना तुम्ही नाजूक म्हणायचात. दाराची चिमणीसारखी वाजणारी बेल तुम्ही खराब म्हणून बदललीत, नवीही खराब निघाली. आई पुटपुटते, मी पुटपुटते, टीव्हीवरचे लोक पुटपुटतात. सगळं समोर होतं. मी मेनूत जाऊन चॅनल ट्वीटरना दिले, घुंगरू चालत गेले, आणि मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं एवढंच की आता काकांना येऊ दे. त्या खोलीत बशी घेऊन बसलेल्यांपैकी एक माणूस अजून जिवंत आहे आणि माझ्या घरी येऊन त्याच खुर्चीत बसणार आहे. माझं म्हणणं साधं होतं. मला त्याच्या तोंडून एक वाक्य हवं होतं: तुला बरोबर ऐकू आलं होतं.

काका आले. केस गेलेत, पोट तेच आहे. बेटा, किती मोठी झालीस, म्हणाले, मग वेताच्या खुर्चीवर टेकून तिच्या हातांवरून तळवे फिरवले. आई आत पोहे करत होती. मी सीडी लावली. सारंगी, तबला, सगळं स्वच्छ, चाट कडक. काकांच्या कपाळावर हळूहळू आठ्या आल्या. तबला थांबला. घुंगरू चालत गेले.

"अरे," काका म्हणाले, "यात खरंच घुंगरू आहेत की."

मी सीडी थांबवली. त्यांना काय बोलून गेलो ते कळायला थोडा वेळ लागला. मग हसले, तसेच, बशीत बघून हसायचे तसे. समोर बशी नव्हती म्हणून गुडघ्यांकडे बघून. मी विचारलं, म्हणजे तेव्हा नव्हते. ते म्हणाले, बेटा, आता काय ते. मी परत विचारलं. मी मोजण्याच्या खोलीत जितक्या शांतपणे बोलते तितक्याच शांतपणे विचारलं असेन. मग ते म्हणाले, साहेबांना कमी ऐकू येतं हे सगळ्या सेक्शनला माहीत होतं. फाइल समजावताना आम्ही डाव्या बाजूने, जोरात बोलायचो. पण त्यांना सांगणार कोण? तेव्हा माझी बदली त्यांच्याच हातात होती, आणि खरं सांगू, माणूस वाईट नव्हता गं. एवढ्या हौसेने ऐकवायचे.

"आणि मला हॉस्पिटलात नेलं, तेव्हाही माहीत होतं?"

त्याचं उत्तर आईने दिलं. ती दारात उभी होती, हातात बशा. म्हणाली, सगळ्यांना माहीत होतं. मला तर लग्नानंतर वर्षभरातच कळलं होतं. मी म्हटलं, तरी तू जाऊ दिलंस. ती बशा टेबलावर ठेवता ठेवता म्हणाली, "तुझे कान चांगले होते. तपासले तर चांगलेच निघणार होते. त्यांचे निघाले नसते."

मी हे वाक्य घरी, मेट्रोत, लॅबमध्ये, सगळीकडे उलटंपालटं करून बघितलं आहे. त्यात चूक सापडत नाही. ज्याच्यात दोष नाही त्याला तपासायला पाठवायचं, म्हणजे ज्याच्यात आहे तो वाचतो. अतिशय नीट विचार आहे, आणि मला त्याची किळस येते. चार मोठी माणसं, त्यातली एक माझी आई, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलेलंसुद्धा नाही, न ठरवता जमलं, की हे ओझं त्या तेरा वर्षांच्या मुलीला द्यावं, तिला काय होतंय. आणि तुमची, बाबा, तुमची सगळ्यांत जास्त किळस येते, कारण त्या काचेच्या खोलीबाहेर तुम्हाला कळलं होतं. पुढच्या खोलीत नसेल, पण तिथे कळलं होतं. तुम्ही घरी येऊन म्हणालात, लक्ष नसतं तिचं. स्वतःचं ते वाक्य ऐकायला तुम्हाला ट्वीटर लागत नव्हता.

काकांनी पोहे खाल्ले. मी खाल्ले नाहीत. मग ते चाचरत म्हणाले, बेटा, एकदा तसंच लाव ना, साहेबांच्या वेळेसारखं. हे छान आहे, पण हे काही ते नाही. मला नाही म्हणायचं होतं. मी रिमोट घेतला, मेनूत गेले, आणि ट्वीटरचे चॅनल काढून घेतले. गोधडी परत पडली. काकांनी खुर्चीत मान मागे टेकली. आई उभीच राहिली, टेबलाच्या कडेला हात धरून. तबला थांबला, आणि ती रिकामी जागा आली. मग जागा संपली, तबला सुरू झाला, आणि आई, कुणी विचारलेलं नसताना, म्हणाली, "ऐकले."

काका रविवारी टेम्पो पाठवतो म्हणून गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी मान काढून घेतली नाही, पण ते वाक्य त्यांनी म्हटलं नाही, आणि मीही मागितलं नाही. मागून मिळालं असतं तर ते साहेबांच्या मुलीला दिलेलं आणखी एक हो झालं असतं.

हे मी लॅबच्या कॉम्प्युटरवर लिहिते आहे, जेवणाच्या सुट्टीत, आणि लिहून झालं की पुसून टाकणार आहे. पत्ता नसलेल्या माणसाला पाठवण्याची हौस मला नाही. पण एक गोष्ट राहते, आणि तुम्हीच मोजून सांग म्हणाला होतात, म्हणून सांगते. काल लॅबमधून छोटा मायक्रोफोन पुन्हा घरी आणला. आई देवळात गेली होती. सेटिंग काका गेले तशीच आहे, मी परत केलेली नाही. मायक्रोफोन खुर्चीपाशी ठेवला, सीडी लावली, आणि शेजारी उभी राहून पडद्याकडे बघत राहिले. तबला थांबला. उंच आवाजाच्या भागात रेघ तळाला होती, आणि ती जागा संपेपर्यंत तळालाच राहिली. मी परत लावून खात्री केली. आणि दोन्ही वेळेला मला उजवीकडून डावीकडे घुंगरू ऐकू आले. अस्पष्ट नाही. माझे कान चांगले आहेत हे तुम्हाला माहीत आहे.

सकाळी काकांचा फोन आला होता, टेम्पोची वेळ विचारायला. मी म्हटलं, एवढ्यात पाठवू नका, एका स्पीकरमध्ये बिघाड आहे, नीट तपासावा लागेल. त्यांनी विचारलं, कोणत्या? मी म्हटलं, डाव्या.

डाव्यात काही बिघाड नाही.